वाटाण्यांचा हिशेब ठेवणारा मठाधिपती : ग्रेगोर मेंडेल



हंगामात शेजारच्या पुरंदर तालुक्यातला वाटाणा सुप्याच्या बाजारात आला की प्रत्येकाच्या पिशवीत अर्धा किलो शेंगा जातातच. ज्यांनी वाटाण्याचे बियाणे हाताळले आहे त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. किराणा दुकानात उसळीसाठी मिळणारा पांढरा वाटाणा वाळूनही गोल गरगरीत राहतो. भाजीच्या गोड वाटाण्याचे बी मात्र वाळले की सुरकुतते. आपण हे पाहतो आणि विसरतो. दीडशे वर्षांपूर्वी एका मठातील धर्मगुरूने मात्र गोल दाणे किती आणि सुरकुतलेले किती हे मोजून वहीत लिहून ठेवले. त्या मोजणीमुळे आज आईबापांकडून मुलांकडे येणारे आजार ओळखता येतात. त्या धर्मगुरूचे नाव ग्रेगोर मेंडेल. आजच्या पत्रकात त्यांचे चरित्र सांगायचे आम्ही ठरवले आहे.

ते का, हे आधी सांगितले पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेला असताना, एक तरुण जोडपे आमच्याकडे आले. नवरा-बायको नात्याने आते-मामे भावंडे. पहिला मुलगा जन्माला आला तेव्हा धडधाकट होता आणि अकराव्या दिवशी गेला. कोणी म्हणे बाहेरची बाधा, कोणी म्हणे सुनेचा पायगुण. पुढे मुलगी झाली, ती ठणठणीत. आता तिसऱ्या वेळी दिवस राहिले होते. गावच्या डॉक्टरांनी सुचवले होते की पुण्याला जाऊन दोघांचे रक्त आणि गरज पडल्यास पोटातले बाळही तपासून घ्यावे. तपासणी करावी का, एवढेच विचारायला ते दोघे आले होते. पोटातल्या बाळाची तपासणी म्हटल्यावर आमच्या मनात एकच गोष्ट आली, गर्भपात. आम्ही त्यांना सांगितले की परमेश्वरावर भरवसा ठेवा आणि तपासणीच्या मागे लागू नका. फादरांचा शब्द म्हणून त्यांनी तो मानला.

मुलगा झाला. चौथ्या दिवशी त्याने दूध ओढणे सोडले, तो सुस्त पडला. त्याच्या लंगोटाला काकवीसारखा गोड वास येतो, हे प्रथम त्याच्या आजीच्या लक्षात आले. शहरातील मोठ्या रुग्णालयात त्या वासावरून आणि रक्ताच्या तपासणीवरून आजार ओळखला गेला. अन्नातील प्रथिनांचे काही घटक त्याच्या शरीराला जिरवता येत नव्हते आणि आईच्या दुधातूनच ते त्याच्या रक्तात साचत होते. मूल वाचले, पण त्या चार-सहा दिवसांत मेंदूला जी इजा झाली ती कायमची राहिली. डॉक्टरांनी नंतर आम्हाला शांतपणे समजावले की हे जन्माआधी कळले असते, तर पहिल्या दिवसापासून त्याला वेगळे, ते घटक नसलेले दूध सुरू करता आले असते. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आम्ही श्रद्धेच्या नावाने बोललो होतो, पण बोलले होते आमचे अज्ञान. त्यानंतर आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले आणि पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आम्हाला भेटले ते आपलेच एक धर्मगुरू.

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्त्सेनडॉर्फ नावाच्या लहानशा खेड्यात झाला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. बाप्तिस्म्याचे नाव योहान. वडील अंतोन शेतकरी होते, पण पूर्ण स्वतंत्र नव्हते. आठवड्यातील तीन दिवस त्यांना जमीनदाराच्या शेतावर वेठबिगारी करावी लागे. घरी थोडी जमीन, फळझाडे आणि मधमाश्या. गावच्या चर्चचे धर्मगुरू श्रायबर फादर लोकांना फळझाडांची कलमे करायला शिकवीत. योहान झाडांवर हात ठेवायला शिकला तो वडिलांकडून आणि त्या फादरांकडून. मुलगा हुशार आहे हे शिक्षकांनी ओळखले आणि त्याला बाहेरगावी शिकायला पाठवले.

१८३८ साली वेठबिगारी करताना वडिलांच्या अंगावर झाडाचा ओंडका पडला आणि ते कायमचे अधू झाले. घरून पैसे येणे थांबले. सोळा वर्षांचा योहान शिकवण्या करून, अर्धपोटी राहून शिकू लागला. याच काळात त्याला प्रथम तो आजार जडला, जो पुढे आयुष्यभर मधूनमधून डोके वर काढीत राहिला. मनावर ताण आला की तो आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे. ओलोमोउत्स येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम सुरू केल्यावरही आजारपणाने त्याचे एक वर्ष बुडाले. तेव्हा त्याची धाकटी बहीण तेरेसिया पुढे आली. तिने आपल्या हुंड्यातील काही रक्कम भावाच्या शिक्षणासाठी सोडून दिली. आपल्याकडच्या कितीतरी बहिणींनी हेच केले आहे, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मेंडेल यांनी मात्र ते ऋण फेडले. पुढे तेरेसियाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला आणि त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले.

१८४३ साली, एकविसाव्या वर्षी, योहानने ब्रुन शहरातील संत थॉमस यांच्या ऑगस्टिनियन मठात प्रवेश केला आणि त्याला ग्रेगोर हे नाव मिळाले. आज त्या शहराला ब्रनो म्हणतात. भाकरीच्या विवंचनेतून सुटका हेही मठात येण्याचे एक कारण होते, हे त्यांनी स्वतः लपवले नाही. पाचारण असेही येते, यात आम्हाला काही उणे वाटत नाही. १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांना धर्मग्रामाच्या कामावर नेमण्यात आले. तेथे रुग्णालयातील आजारी आणि मरणासन्न माणसांना भेटणे हे रोजचे कर्तव्य होते. ते दुःख पाहून ते स्वतःच आजारी पडू लागले. मठाधिपती नाप हे जाणते गृहस्थ होते. या माणसाचे मन त्या कामाला झेपणारे नाही हे ओळखून त्यांनी मेंडेल यांना शाळेत शिकवायला पाठवले.

शिक्षक म्हणून ते विद्यार्थ्यांचे लाडके होते, पण शिक्षकाची सरकारी परीक्षा ते कधीही उत्तीर्ण झाले नाहीत. १८५० साली ते नापास झाले. त्यानंतर मठाने त्यांना दोन वर्षे व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तेथे पदार्थविज्ञान, गणित आणि वनस्पतिशास्त्र ते शिकले. १८५६ साली ते पुन्हा परीक्षेला बसले आणि आजारी पडून अर्ध्यावरच परत आले. पुढची सगळी वर्षे ते बदली शिक्षक म्हणूनच राहिले.

त्याच १८५६ साली मठाच्या बागेतील सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद अशा वाफ्यात त्यांनी आपले मुख्य प्रयोग सुरू केले. त्याआधी दोन वर्षे त्यांनी वाटाण्याचे ३४ वाण पेरून पाहिले होते आणि शुद्ध निघालेले २२ निवडले होते. कळी उमलण्याआधी चिमट्याने तिच्यातील पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, फुलाला पिशवी बांधायची आणि शेंग पिकल्यावर दाणे मोजायचे, असे हे काम. १८६३ पर्यंत त्यांनी सुमारे २८ हजार झाडे हाताळली. दाण्याचा आकार, दाण्याचा रंग, झाडाची उंची अशा सात गोष्टींची त्यांनी नोंद ठेवली.

त्यांना काय आढळले ते आपल्या शेतकरी बांधवांना लगेच समजेल. आपण हायब्रीड बाजरीचे बी दरवर्षी दुकानातून नवे आणतो. पहिल्या वर्षी सगळे पीक एकसारखे येते, पण घरचे बी राखून पेरले तर दुसऱ्या वर्षी कणसे लहानमोठी, वेगवेगळी निघतात. पहिल्या पिढीत जे झाकले गेले होते ते दुसऱ्या पिढीत वर येते. मेंडेल यांनी शुद्ध गोल दाण्याचा आणि शुद्ध सुरकुतलेल्या दाण्याचा वाण एकत्र केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुतलेला गुण जणू नाहीसा झाला. पण त्याच दाण्यांची पुढची पिढी घेतल्यावर ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. रंगाच्या बाबतीतही तसेच : ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे.

यावरून त्यांनी अनुमान काढले की प्रत्येक गुणासाठी दाण्यात दोन घटक असतात, एक बापाकडून आलेला व एक आईकडून आलेला. त्यांतील एक जोरकस असला तर दुसरा झाकला जातो, पण मरत नाही. तो पुढे जातो, आणि दोन झाकलेले घटक एकत्र आले की पुन्हा प्रकट होतो. आज त्या घटकाला आपण जनुक म्हणतो.

८ फेब्रुवारी व ८ मार्च १८६५ रोजी त्यांनी ब्रुनच्या निसर्ग-अभ्यासकांच्या मंडळापुढे हा निबंध वाचला. १८६६ साली तो छापून आला. त्यांनी ४० प्रती मागवून विद्वानांना पाठवल्या, पण त्याचे महत्त्व कोणाच्या ध्यानात आले नाही. १८६८ साली ते मठाधिपती झाले आणि पुढची वर्षे मठाच्या कारभारात, मधमाश्यांत, हवामानाच्या नोंदींत गेली. १८७४ साली सरकारने मठांवर लादलेला कर त्यांना अन्यायाचा वाटला. त्या करावरून ते शेवटपर्यंत भांडले आणि त्यात मित्रही गमावले. ६ जानेवारी १८८४ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, मूत्रपिंडाच्या व हृदयाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला शहरातील गोरगरीब मोठ्या संख्येने आले होते. त्यांच्या दृष्टीने दयाळू मठाधिपती गेले होते, शास्त्रज्ञ कोणालाच ठाऊक नव्हता. त्यांचे बरेचसे कागद नंतर जाळून टाकण्यात आले. १९०० साली तीन वेगवेगळ्या देशांतील अभ्यासक त्याच निष्कर्षापर्यंत पोहोचले, तेव्हा कळले की चौतीस वर्षांपूर्वीच हे छापून झाले आहे.

आता वाटाण्यावरून माणसाकडे येऊ. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड हे एका विचित्र आजाराचा अभ्यास करीत होते. या आजारात बाळाचा लंगोट हवेत राहिला की काळा पडतो. अशा मुलांचे आईबाप पुष्कळदा एकमेकांचे सख्खे आते-मामे-चुलत-मावस भावंडे असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०२ साली त्यांनी दाखवून दिले की हा आजार मेंडेल यांच्या सुरकुतलेल्या दाण्याच्या नियमानेच चालतो. आईबाप दोघेही निरोगी, पण दोघांकडेही तोच झाकलेला घटक असतो. शरीरात अन्नाचे रूपांतर करणारी जी साखळी आहे, तिची एक कडी अशा मुलात तुटलेली असते. यालाच आज चयापचयाचे आनुवंशिक आजार म्हणतात. एकेक आजार विरळा असला, तरी असे शेकडो आजार आता माहीत झाले आहेत.

आणि गंमत पाहा. १९९० साली इंग्लंडमधील संशोधकांनी मेंडेल यांच्या सुरकुतलेल्या दाण्याचे मूळ कारण शोधून काढले. त्या दाण्यात स्टार्च तयार करणारे एक एन्झाइम बिघडलेले असते. त्यामुळे साखरेचा स्टार्च नीट होत नाही, साखर साचते, दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळल्यावर सुरकुततो. म्हणजे मठाच्या बागेतील तो दाणा हाच चयापचयाचा आनुवंशिक बिघाड होता. आणि त्या बिघाडामुळेच भाजीचा वाटाणा गोड लागतो. मुलाच्या आजाराला मात्र आम्ही गोड म्हणणार नाही. ज्या आईने तो पाहिला आहे तिच्यापुढे असे बोलणे क्रूरपणाचे होईल.

या नियमातून आपण दोन गोष्टी घरी न्याव्यात.

पहिली गोष्ट, यात दोष कोणाचाही नाही. असे मूल जन्माला येण्यासाठी घटक आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्हीकडून यावे लागतात. म्हणून एकट्या सुनेला बोल लावणे हे पाप तर आहेच, शिवाय ते गणितातही चूक आहे. आपल्यापैकी प्रत्येकजण असे काही झाकलेले घटक अंगात बाळगून असतो आणि ते कधी कळतही नाहीत. दोघांकडे तोच घटक असेल, तर प्रत्येक गर्भारपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तिन्ही चांगली होतील, असा त्याचा अर्थ नव्हे. दर वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

दुसरी गोष्ट नात्यातील लग्नाची. मामाची मुलगी करणे ही आपल्या भागातील जुनी रीत आहे. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार सख्ख्या आते-मामे, चुलत किंवा मावस भावंडांच्या विवाहास अडथळा आहे आणि त्यासाठी बिशपांची सवलत घ्यावी लागते. पुष्कळांना हा कागदोपत्री त्रास वाटतो. पण अशा भावंडांना एकाच आजी-आजोबांकडून तोच झाकलेला घटक आलेला असण्याची शक्यता अधिक असते. कोणत्याही जोडप्याच्या शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मजात दोष असू शकतो. सख्ख्या भावंडांच्या मुलांत हे प्रमाण साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुसंख्य मुले तेथेही निरोगीच जन्मतात. घाबरण्याचे कारण नाही, पण लग्नाआधी विचारण्याचे कारण निश्चित आहे.

आता तपासणीविषयी. १९३४ साली नॉर्वेतील एका आईच्या चिकाटीमुळे तेथील डॉक्टर फोलिंग यांनी मतिमंदत्व आणणारा असाच एक आजार मुलांच्या लघवीवरून ओळखला. १९५० च्या दशकात त्यावर विशेष आहार निघाला आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून तो ओळखण्याची सोपी चाचणी काढली. त्या एका थेंबामुळे जगभरातील हजारो मुले शहाणीसुरती वाढली. पोटातील बाळाची तपासणीही आता होते. साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन ती करतात. त्यात गर्भ पडण्याचा थोडासा धोका असतो. घरात नेमका कोणता जनुकीय दोष आहे हे आधी कळलेले असले, तरच तिचा खरा उपयोग होतो.

आपल्या राज्याने गर्भलिंग निदानाचा दुरुपयोग रोखण्यासाठी १९८८ साली, देशात सर्वांत आधी, कायदा केला. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा आला. मुलगा की मुलगी हे सांगणे आणि विचारणे त्याने गुन्हा ठरवले आहे. पण चयापचयाचे आनुवंशिक आजार शोधण्यासाठी गर्भाची तपासणी करण्यास त्याच कायद्याने परवानगी दिली आहे. तपासणीचे धोके आईला समजावून सांगणे आणि तिला कळणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घेणे बंधनकारक आहे. ही संमती आईची असते, सासूची किंवा नवऱ्याची नव्हे, हे आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.

ख्रिस्तसभेची शिकवणही या बाबतीत स्पष्ट आहे. ती आम्ही त्या जोडप्याला सांगायला हवी होती आणि सांगितली नाही. १९८७ साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या जीवनाच्या देणगीविषयीच्या सूचनापत्रात म्हटले आहे की आई आणि बाळ या दोघांच्या जीवाचा मान राखून, बाळाच्या उपचारासाठी किंवा काळजीसाठी केलेली तपासणी योग्य आहे. दोष निघाल्यास बाळाला संपवायचे, असे आधीच ठरवून केलेली तपासणी योग्य नाही. कायद्याची मुभा असली तरी हा प्रश्न आपल्या सदसद्विवेकबुद्धीपुढे राहतोच. हे लिहिणे सोपे आहे हे आम्हाला ठाऊक आहे. काही आजारांवर आजही उपचार नाही. ते बाळ थोडेच दिवस जगणार हे आधी कळूनही त्याला जन्म देणाऱ्या आईचा भार कोणा फादरांच्या लेखाने हलका होत नाही. तो भार तिच्याबरोबर धर्मग्रामाने वाहायचा असतो.

मेंडेल यांच्या नियमाचा वाईट उपयोगही झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील अनेक राज्यांनी दुबळ्या समजल्या गेलेल्या लोकांची सक्तीने नसबंदी केली. १९३३ साली जर्मनीत हिटलरच्या सरकारने तसाच कायदा केला आणि १९३९ पासून तेथे अपंग व मनोरुग्ण माणसांना ठार मारण्यात आले. १९४१ साली म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी प्रवचनपीठावरून त्याचा उघड निषेध केला. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गुण आणि तो गुण धारण करणारा या दोहोंत फरक करायला आम्हाला शिकवले होते. तेव्हा तो परीक्षेपुरता वाटला होता. इथे त्याचा अर्थ कळतो. अहवाल सांगतो तो गुणाविषयी. तो धारण करणारा जो कोणी आहे, त्याची किंमत अहवालात नसते.

याचे उदाहरण खुद्द मेंडेलच आहेत. २०२१ साली, त्यांच्या जन्माला दोनशे वर्षे होण्याच्या निमित्ताने, ब्रनो येथे त्यांची कबर उघडण्यात आली आणि त्यांच्या अस्थींतून जनुकीय तपासणी करण्यात आली. मधुमेह, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे आजार यांच्याशी संबंध असलेले बदल त्यांच्यात आढळले. अपस्मार आणि मज्जासंस्थेच्या तक्रारींशी जोडला गेलेला एक बदलही सापडला. अंथरुणाला खिळवणाऱ्या त्यांच्या आजाराचे मूळ कदाचित तेथे असेल. अहवालात आले ते खरे असेल. पण ती २८ हजार झाडे, बहिणीचे फेडलेले ऋण, अंत्यविधीला आलेले गोरगरीब, यांतले काहीही त्या अहवालात दिसत नाही. आणि त्यांच्या दुबळेपणाला न हिणवता त्यांना झेपेल असे काम देणारे मठाधिपती नापही दिसत नाहीत. नाप नसते, तर बागेतील तो वाफा रिकामाच राहिला असता.

म्हणून आमची आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना विनंती आहे. ज्यांचे बाळ कारण न कळता पहिल्या काही दिवसांत गेले असेल, ज्यांच्या घरी मूल मंद वाढत असेल, किंवा ज्यांचे लग्न जवळच्या नात्यात झाले असेल, त्यांनी पुढचे दिवस राहण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि जुने कागद जपून ठेवावेत. आजारी बाळ वाचण्याची आशा नसेल, तरीही त्याच्या रक्ताचा नमुना राखून ठेवावा असे डॉक्टरांना जरूर सांगावे. पुढच्या बाळासाठी तोच दिवा ठरतो. आनुवंशिक आजारांचे तज्ज्ञ पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मुंबईच्या केईएम रुग्णालयाला विशेष केंद्र म्हणून मान्यता मिळाली आणि या धोरणातील आजारांच्या उपचारासाठी २०२२ पासून ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. जाण्यायेण्याची किंवा कागदपत्रांची अडचण असेल, तर मिस्सानंतर आमच्याशी बोलावे. कोणाचेही नाव बाहेर जाणार नाही.

त्या मुलाविषयी आपण विचाराल. तो आता मोठा झाला आहे. त्याला नीट चालता येत नाही आणि बोलणे थोडेच कळते. त्याचे खाणे आजही तोलून द्यावे लागते, साधा ताप आला तरी रुग्णालय गाठावे लागते. त्याच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाला आम्ही मुद्दाम त्या गावी गेलो होतो. त्याची बहीण त्याचा हात धरून त्याला वेदीपर्यंत घेऊन आली. त्याच्या आईबापांनी आम्हाला कधी एका शब्दाने दोष दिला नाही आणि त्यामुळे आमचे ओझे कमी झालेले नाही. या लेखाच्या निमित्ताने आम्ही त्यांची पुन्हा एकदा क्षमा मागतो. येत्या रविवारच्या मिस्सात त्याच्यासाठी, आणि ज्यांची बाळे नाव ठेवण्याआधीच गेली त्या सर्व आईबापांसाठी, आपण मिळून प्रार्थना करू या.

आपले धर्मगुरू